पहिला, दुसरा, फोडायला

कवळीकर हे त्यांचं आडनाव नव्हतं. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला लोकांनी बहाल केलेलं ते नाव होतं, आणि ते असं काही चिकटलं होतं की खरं नाव सांगितलं तर शेजारीसुद्धा क्षणभर विचारात पडायचे. माणूस हाताचा फार नेमका. डॉक्टरांकडून आलेल्या ठशात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग ज्याच्या त्याच्या तोंडाला शोभेल असा धरायचा आणि शेवटी एखादा दात केसभर तिरका करायचा, म्हणजे कवळी कवळीसारखी दिसत नाही. त्यांच्या हातची कवळी क्वचितच परत यायची. परत यायचे ते त्यांचे फोटो.

गावातल्या हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायचं. प्रत्येकाने एक फोटो छापून आणायचा, मागे नाव नाही, नुसता नंबर. बाहेरून बोलावलेला परीक्षक एकेक फोटो स्टँडवर लावून त्यावर बोलणार आणि दहापैकी मार्क देणार. वर्षात तीनदा आठ किंवा त्याच्या वर गेलात की नवोदित गटातून अनुभवी गटात बढती. कवळीकर पाच वर्षं नवोदितच होते. त्यांच्यामागून आलेला औषधांचा दुकानदार आठ महिन्यांत वर सरकला आणि आता भेटला की त्यांच्या खांद्यावर हात ठेवून धीर द्यायचा, हे त्यांना जास्त लागायचं.

मार्क कमी पडत होते असंही नाही. पडायचे साडेसहा. परीक्षक बदलले, कॅमेरा बदलला, पण साडेसहा काही हलायला तयार नव्हते. कवळीकरांनी एक वही केली होती. परीक्षक जे जे बोलेल ते त्यात उतरवायचं. "क्षितिज तिरकं." पुढच्या महिन्यात त्यांनी क्षितिज पट्टी लावून सरळ केलं. "डोळ्यात चमक नाही." त्यांनी चमक आणली. "चमक जरा जास्त वाटते." वही भरली, दुसरी आणली, आणि साडेसहा ते साडेसहाच.

त्या वर्षी त्यांनी बगळ्याचा ध्यास घेतला. अनुभवी गटातल्या तिघांना पक्ष्यांवर नऊ मिळालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मग तीन रविवार पहाटे उठून तळ्याच्या कडेला गुडघाभर चिखलात उभं राहणं आलं. पहिल्या रविवारी बगळा आला नाही. दुसऱ्या रविवारी आला, पण पाठ करून बसला. तिसऱ्या रविवारी त्याने एकदाचा मासा पकडला, आणि कवळीकर कंबरेपर्यंत भिजून, पोटरीला जळू घेऊन घरी आले.

बायको महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. दिवसभर पाण्याच्या काठावरून ओरडायचं काम असल्यामुळे घरातही तिचा आवाज जरा वरच्याच पट्टीत असायचा.

"अहो, माझ्याकडे सहा वर्षांची पोरंसुद्धा तुमच्यापेक्षा कमी भिजून बाहेर येतात," ती म्हणाली आणि जळवेवर मीठ टाकलं.

"मिळाला पण," कवळीकर म्हणाले. "चोचीत मासा आहे. डोळ्यात चमक आहे. क्षितिज सरळ आहे."

त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला होता आणि महिनाभर लेकीकडे राहायचं ठरलं होतं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि बाहेर जाताना काळा चष्मा. गप्प बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्याच. आयुष्याची एकतीस वर्षं त्यांनी फरशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर घालवली होती. समोरच्या पट्ट्यावरून फरशी सरकत यायची, ती नजरेखालून गेली की त्या खडूने खूण करायच्या, पहिला दर्जा, दुसरा दर्जा किंवा फोडायला. दिवसाला चार हजार. निवृत्त झाल्या, मग डोळ्यांवर पडदा आला, आणि आता तो पडदा निघाल्यावर त्यांची नजर नव्या नवरीसारखी घरभर मिरवत होती.

"तुमच्या भिंती पांढऱ्या आहेत होय," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मी इतकी वर्षं पिवळ्या समजत होते. आणि त्या कोपऱ्यात जाळं आहे."

तिसऱ्या दिवशी जाळी संपली. मग त्या जावयाच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय करताय, जावईबापू?"

"स्पर्धेचा फोटो निवडतोय, आई."

"किती आहेत?"

"तीनशे बारा."

"एवढेच?" त्यांनी खुर्ची ओढली. "सरकवा एकेक. मी सांगेन तेव्हाच थांबा."

कवळीकरांनी केवळ म्हातारीचा वेळ जावा म्हणून बटण दाबायला सुरुवात केली. सासूबाई हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. "फोडायला. फोडायला. फोडायला. दुसरा. फोडायला." चोचीत मासा असलेला, डोळ्यात चमक असलेला बगळा आला.

"दुसरा."

"अहो आई, याच्यासाठी तीन रविवार—"

"फरशी भट्टीत किती वेळ होती ते तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. पुढे घ्या."

दोनशे साठच्या आसपास त्यांनी हात वर केला. तो फोटो कवळीकरांनी काढला असंही म्हणता आलं नसतं. बगळा अचानक उडाला, कॅमेरा त्याच्यामागे फिरला आणि पक्षी निसटून गेल्यावर बोट दाबलं गेलं. फोटोत बगळा नव्हताच. काठावर गळ टाकून बसलेले तीन जण होते. तिघांनी उडालेल्या पक्ष्याकडे बघायला माना लांब केल्या होत्या, तिन्ही माना एकाच कोनात, आणि मधल्याचा हात तोंडाकडे घास नेता नेता अर्ध्यातच थांबला होता.

"पहिला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. थेंब घातलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"यात बगळाच नाही, आई."

"तीन आहेत की."

कवळीकरांनी बगळाच नेला. तीन रविवारांचं सोनं होतं ते, असं कसं सोडणार? त्या महिन्याचे परीक्षक फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "बगळा छान आहे. बगळे छानच असतात," आणि साडेसहा दिले.

घरी आल्यावर सासूबाईंनी एक अक्षर विचारलं नाही. जावयाच्या चेहऱ्यावरून काय ते कळलं, आणि त्यांनी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. उलट बोलल्या असत्या तर कवळीकरांना हट्ट धरता आला असता. पुढच्या महिन्यात त्यांनी गळवाल्या तिघांचा फोटो छापला.

तो स्टँडवर लागला तेव्हा आधी मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग परीक्षकबाई हसल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत हसल्या. "याच्यावर मी काय बोलू?" त्या म्हणाल्या. "साडेआठ." कवळीकरांचे कान लाल झाले. औषधवाल्याने मान वळवून नंबर कुणाचा ते शोधायचा प्रयत्न केला आणि कवळीकरांचा चेहरा पाहून त्याला शोधायची गरज उरली नाही.

ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले आणि घरी पोचेपर्यंत धापा टाकत होते. "साडेआठ," त्यांनी दारातूनच सांगितलं.

सासूबाईंनी विचारलं, "दहापैकी?"

"दहापैकी."

"मग दीड कुठे गेला?"

इथून पुढे मार्कांच्या मागे कोण लागलं होतं हे सांगणं अवघड आहे. सासूबाईंचा महिना संपला, पण त्या गेल्या नाहीत. डोळ्यांचं अजून पूर्ण झालेलं नाही, असं त्या म्हणायच्या, आणि बायको म्हणायची, "आई, डॉक्टरांनी तुला सोडून तीन आठवडे झाले." सकाळी सहाला त्या जावयाच्या दारावर टकटक करायच्या, "जावईबापू, उजेड चांगला आहे." संध्याकाळी काढलेला माल तपासायच्या. पुढच्या बैठकीला त्या काळा चष्मा लावून जातीने हजर झाल्या आणि पहिल्या रांगेत बसून प्रत्येक फोटोला पुटपुटत दर्जा देत राहिल्या. "फोडायला" जरा मोठ्याने निघालं तेव्हा अध्यक्षबाईंनी वळून पाहिलं. अध्यक्षबाई म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेल्या, उंच, शिस्तीच्या बाई. पुढचा फोटो लागला तेव्हा त्यांचे कान सासूबाईंकडे होते.

त्या दिवशी आठ मिळाले. दुसरी पायरी.

तिसरीला मात्र घसरले, आणि तेही सासूबाईंच्याच हातून. येणारे परीक्षक पक्ष्यांचे शौकीन आहेत अशी बातमी त्यांनी वाचनालयातल्या शिपायाकडून काढली होती. "पक्षी द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "चांगला नसला तरी चालेल, पक्षी हवा." कवळीकरांनी एक पारवा दिला. पक्ष्यांच्या शौकिनाने पारव्याला सहा दिले, म्हणजे साडेसहाच्याही खाली. सासूबाई दोन दिवस संगणकाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला.

"एकतीस वर्षं मी माल बघून खूण केली. कोण विकत घेणार ते बघून कधी केली नाही. मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे."

"मी पाच वर्षं तेच केलं, आई," कवळीकर म्हणाले. "वह्या दाखवू का?"

दाखवल्या. सासूबाईंनी दोन्ही वह्या पानापानांनी चाळल्या, मध्ये मध्ये खुदकन हसल्या, आणि नंतरच्या महिन्यात पाळणाघराच्या खिडकीला नाकं चिकटवून बसलेल्या मुलांचा फोटो नेऊन कवळीकर सव्वाआठ घेऊन आले. पाच वर्षांनी बढती मिळाली.

अनुभवी गटाचा बिल्ला छातीवर लावून घेताना कवळीकरांना दोन शब्द बोलायचे होते. त्यांनी बरंच ठरवून ठेवलं होतं, पण उभे राहिल्यावर सासूबाई समोर दिसल्या आणि ठरवलेलं बाजूला पडलं.

"फोटो मी काढले," ते म्हणाले. "पण निवडले यांनी. मी निवडले असते तर अजून बगळेच दाखवत बसलो असतो."

हॉलमध्ये कुजबुज झाली. औषधवाला उठला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागद चोख लागायचा. "हे नियमात बसतं का? नाही, मी आपलं विचारतोय."

अध्यक्षबाईंनी नियमांची पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. फोटो सदस्याने स्वतः काढलेला असावा, छपाईचा आकार अमुक असावा, फोटोमागे नाव नसावं. कोणी निवडावा याबद्दल चकार शब्द नव्हता. त्यांनी पुस्तिका मिटली.

"बाई," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "वार्षिक स्पर्धेला आम्हाला तीन परीक्षक लागतात. दोनच मिळालेत. तुम्ही येता का?"

सासूबाई म्हणाल्या, "फोडायचा अधिकार असेल तर येते."

"तीनच्या खाली मार्क देत नाही आम्ही कुणाला."

"चालेल. तीन म्हणजे फोडायला."

घरी परतताना कवळीकरांच्या लक्षात आलं की आपल्या पायाखालची फळीच काढून घेतली गेली आहे. सासूबाईंनी त्यांचे सगळे फोटो पाहिलेले होते, आणि आता परीक्षक म्हणून एकही नवा त्या बघणार नव्हत्या. त्यांनी तसं जाहीरच केलं. जावई संगणक उघडून बसला की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. जेवताना त्याने "आज उजेड—" एवढं म्हटलं तरी त्या भाजी वाढण्याच्या निमित्ताने विषय तोडायच्या. पाच आठवडे कवळीकर एकटे फिरले. फोटो निघाले, पण निवडायला बसले की सगळे एकसारखे वाटायचे, आणि ज्याच्यासाठी जास्त चाललो तोच बरा वाटायला लागायचा.

मग एका दुपारी लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ थेट आले, सोबत त्यांच्या पत्नी आणि हातात एक लांबट पेटी. एरवी गिऱ्हाईक डॉक्टरांकडेच जायचं, पण यांची अडचण वेगळी होती. ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नवीन कवळी आल्यापासून तीन महिने त्यांना एक सूर धड लागत नव्हता, वारा बाजूने निसटायचा.

कवळीकरांनी कवळी हातात घेतली, पुढच्या दातांची मागची कड दोन ठिकाणी घासली, पॉलिश केली आणि धुऊन परत दिली. म्हातारबुवांनी ती बसवली, पेटी उघडली आणि प्लास्टरच्या धुळीत स्टुलावर बसून फुंकर मारली. पहिल्यांदा नुसती हवा. परत घासलं. दुसऱ्यांदा बदकासारखा आवाज. तिसऱ्यांदा सूर लागला, असा की शेजारच्या खोलीत मेण वितळवणारी मुलगी गॅस तसाच ठेवून दारात आली.

"फोटो काढला तर चालेल का?" कवळीकरांनी विचारलं.

"काढा की," पत्नी म्हणाल्या. "तीन महिने घरात यांचं तोंड बघवत नव्हतं. आता बघण्यासारखं झालंय."

कवळीकरांनी एकेचाळीस फोटो काढले. संध्याकाळी घरी ते संगणकापुढे बसले. सासूबाई आपणहून दुसऱ्या खोलीत गेल्या. एकोणतिसावा फोटो समोर आला आणि कवळीकरांचं बोट थांबलं. त्यात म्हातारबुवा वाजवत नव्हते. सूर लागून गेल्यावर त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतली होती आणि संशयाने जिभेने दात चाचपत होते, गाल एका बाजूला फुगलेला. पत्नी पर्स छातीशी धरून त्यांच्या तोंडाकडे वाकून बघत होत्या. आणि मागच्या फळीवर दोन रांगांत ठेवलेले प्लास्टरचे चाळीस जबडे एकजात हसत होते, नाटकाला आलेल्या प्रेक्षकांसारखे.

बायको तलावावरून आली. ओल्या केसांनी ती मागे उभी राहिली आणि हसत सुटली. मग एकदम थांबली.

"पण अहो, हे जबडे. आई ओळखेल लगेच. गावात दुसरा कवळ्यांचा लॅबवाला कोण आहे?"

"माहीत आहे."

"ती नातेवाइकाला मार्क द्यायची नाही. मग?"

कवळीकरांनी बाकीचे चाळीस एकदा पुढे-मागे केले. जबडे न दिसणारेही त्यात तीन-चार होते. "मग नाही देणार," ते म्हणाले. "फोटो हाच आहे."

वार्षिक स्पर्धेला हॉल भरला होता. परीक्षकांच्या टेबलावर मधली खुर्ची सासूबाईंची. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि काळा चष्मा आता लागत नसूनही सोबत आणला होता. छत्तीस फोटो लागले. त्यांनी चौघांना तीन दिले आणि कारणं अशी मुद्द्याची सांगितली की चौघांपैकी दोघे नंतर त्यांचा सल्ला घ्यायला आले. औषधवाल्याच्या फोटोत एक धोबी पांढऱ्या चादरींच्या भिंतींमधून सावलीसारखा चालला होता. सासूबाईंनी बघताक्षणी "पहिला" म्हटलं, आणि नऊ दिले.

एकोणिसावा नंबर कवळीकरांचा. फोटो स्टँडवर लागला आणि हॉलभर हसू पसरत गेलं. एक परीक्षक म्हणाले आठ. दुसरे म्हणाले साडेसात. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या खूप वेळ बघत राहिल्या, इतका वेळ त्यांनी कुठल्याच फोटोला दिला नव्हता. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा आमच्या घरचा आहे," त्या म्हणाल्या. "कारखान्यात आमचे हे भट्टीवर होते, त्यांच्या भट्टीचा माल आला की मी टेबलावरून उठत असे. आताही उठते." आणि त्या खरोखरच उठून पुढचा फोटो लागेपर्यंत खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

अध्यक्षबाईंनी दोघांच्या मार्कांची सरासरी तिसऱ्या जागी धरली. औषधवाल्याचा पहिला नंबर आला, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा दुसरा आणि कवळीकरांचा तिसरा. वाटीएवढा चषक होता. तो घ्यायला जाताना ते व्यासपीठाच्या पायरीला अडखळले, औषधवाल्याने त्यांना दंडाला धरून सावरलं आणि कानात म्हणाला, "खरं सांगू का, मला तुमचा पहिला वाटला होता." कवळीकरांना त्या क्षणी तो सख्ख्या भावासारखा वाटला.

घरी येईपर्यंत सासूबाईंनी संयम ठेवला. चपला काढल्या, चषक टेबलावर ठेवला, थेट संगणकापुढची खुर्ची ओढली.

"स्पर्धा संपली. आता दाखवा."

"आई, तुम्ही किती दिले असते?"

"आधी बाकीचे दाखवा. एकटा एक बघून दर्जा ठरत नाही."

कवळीकरांनी बटण दाबायला सुरुवात केली. "दुसरा. फोडायला. दुसरा. दुसरा." एकोणतिसाव्यावर त्यांनी नुसती मान डोलावली. सदतिसाव्यावर हात वर झाला. म्हातारबुवा आणि पत्नी, दोघेही एकमेकांकडे बघून हसत होते, जबड्यांसकट.

"हा द्यायला हवा होता."

"नाही," कवळीकर म्हणाले.

सासूबाईंनी वळून पाहिलं. इतक्या महिन्यांत हा शब्द त्यांनी या खुर्चीवरून ऐकला नव्हता.

"यात सगळेच हसताहेत, आई. मग जबड्यांना कामच उरत नाही. त्यात ते एकटे हसतात आणि म्हातारबुवांचं अजून ठरायचंय. मजा तिथे आहे."

"पण म्हातारीचा चेहरा बघा यात. असा चेहरा माणसाला वर्षातून एकदा मिळतो."

"चेहरा चांगला आहे. फोटो तो चांगला आहे."

"परत लावा. दोन्ही शेजारी शेजारी लावा."

लावले. सासूबाई पुढे वाकल्या, कवळीकरही वाकले. बायकोने आतून विचारलं, जेवायला वाढू का, आणि दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून ती बाहेर येऊन दाराशी उभी राहिली.

"यांना कोणता छापून देणार आहात?" तिने विचारलं. "त्या म्हातारा-म्हातारीला? त्या आजींनी आज फोन केला होता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दोन्ही द्या," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीवर कोणता लावतात ते बघायला आपण जाऊ. रविवारी जाऊ. जावईबापू, कॅमेरा घ्या बरोबर."

"सकाळी जाऊ," कवळीकर म्हणाले. "उजेड चांगला असतो."

मग दोघांनी पुन्हा वाद सुरू केला.